केवढ्याला पडलं?

आपल्याकडे नव्या वस्तूचं स्वागत हळदीकुंकवानं होवो न होवो, 'केवढ्याला पडली?' ह्या प्रश्नानं हमखास होतं. मग ती साडी असो, पंखा असो की जावई असो. (जावयाच्या बाबतीत प्रश्न जरा हळू आवाजात विचारतात, एवढंच.) विचारणाऱ्याला उत्तर हवं असतं अशा भ्रमात मात्र राहू नका. तुम्ही 'साडेतीन हजार' म्हणालात, की त्याचं वाक्य तयारच असतं : 'छे हो, फसलात! आमच्या मेव्हण्यानं अशीच अडीच हजारात आणली.' महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला असा एक मेव्हणा असतो. तो आयुष्यात एकही वस्तू योग्य किमतीला घेत नाही. नेहमी कमीच.

ह्या आपल्या राष्ट्रीय प्रश्नावर अमेरिकन लोकांनी टेलिव्हिजनचा एक अख्खा कार्यक्रम काढला आहे आणि पन्नासाहून अधिक वर्षं तो चालवला आहे. 'द प्राइस इज राइट' असं त्याचं नाव. मूळ अवतार १९५६ चा. आजचा अवतार सीबीएस वाहिनीवर ४ सप्टेंबर १९७२ पासून सुरू झाला. बॉब बार्कर नावाच्या गृहस्थांनी तो २००७ पर्यंत, म्हणजे तब्बल पस्तीस वर्षं चालवला. एवढ्या काळात आपल्याकडे माणूस नोकरीला लागून, पेन्शनीत निघून, सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा होतो. त्यानंतर आले ड्रू कॅरी. हे मूळचे विनोदी नट.

मुलीच्या नाही तर मुलाच्या बाळंतपणाच्या निमित्तानं न्यू जर्सीत जाऊन बसलेल्या मराठी आईबापांना हा कार्यक्रम टाळता येत नाही. सकाळी अकराला तो लागतो. मुलगी-जावई कामाला गेलेले, नातू झोपलेला, बाहेर बर्फ. भाषा समजण्याचीही अडचण नाही, कारण बोलतात त्यापेक्षा ओरडतातच जास्त. समोर कपडे धुण्याचं यंत्र येतं, चौघांनी त्याची किंमत सांगायची, आणि खऱ्या किमतीच्या वर न जाता जो सर्वांत जवळ पोचेल तो जिंकला. ह्यात शेवटच्या माणसाला मोठी सोय असते. आधीच्या तिघांचे आकडे अवाच्या सवा वाटले, तर त्यानं सरळ 'एक डॉलर' म्हणावं. आमच्या सौ.ला हा डाव पहिल्याच दिवशी समजला. मंडईत तिची सुरुवात तिथूनच होते.

पुढचे खेळ तर आपल्या जत्रेतलेच. एका पाटीवर खिळे मारलेले, वरून चकती सोडायची, ती आपटत धोपटत खाली जाते आणि एखाद्या खणात पडते. ह्याला 'प्लिंको' म्हणतात आणि १९८३ पासून लोक त्यासाठी जीव टाकतात. दुसऱ्या एका खेळात एक लाकडी गिर्यारोहक गाणं म्हणत डोंगर चढतो. तीन किरकोळ वस्तूंच्या किमती सांगायच्या. तुम्ही जितक्या डॉलरनं चुकाल तितकी पावलं तो वर चढणार. पंचविसाच्या पुढं गेलात की बिचारा कड्यावरून खाली. टोस्टरची किंमत माहीत नसल्यामुळं माणसाचा कडेलोट होतो, हे दृश्य संसारी माणसाला अंतर्मुख करणारं आहे. शेवटी दोन स्पर्धक उरतात. प्रत्येकापुढं वस्तूंचा एकेक ढीग येतो. त्याला 'शोकेस' म्हणतात. ढिगाची एकूण किंमत सांगायची. वर न जाता जो जास्त जवळ, त्याचा ढीग त्याला. आणि २५० डॉलरच्या आत आलात तर दोन्ही ढीग तुमचे.

आता मुद्द्याचा भाग. १६ डिसेंबर २००८ रोजी दाखवला गेलेला एक प्रयोग आहे, ज्याच्यावरून ह्या कार्यक्रमाचे भक्त अजून भांडतात. त्या दिवशी एका माणसासमोर ढीग आला : कॅराओकेचं यंत्र, बिलियर्डसारखा खेळ खेळायचं पूल टेबल आणि मोटारीमागं ओढायची सतरा फुटी बिऱ्हाडगाडी. माणूस म्हणाला, २३,७४३ डॉलर. खरी किंमत निघाली २३,७४३ डॉलर. एक सेंटाचाही फरक नाही. अशा वेळी निवेदकानं काय करावं? टुणकन उडी मारावी, मिठी मारावी, निदान ओरडावं. कॅरीसाहेबांनी आकडा वाचून दाखवला तो कसा? रेशन ऑफिसातला कारकून 'उद्या या' म्हणतो तसा.

हा भाग जावईबापूंनी आम्हांला इंटरनेटवरून काढून दाखवला आणि आमच्या दिवाणखान्यात दोन तट पडले. एका बाजूला आमचे व्याही. हे आयुष्यभर सरकारी ऑडिटमध्ये होते. हिशेब पैशासकट जुळला की ऑडिटरची झोप उडते. ते म्हणाले, "दोनचारशेचा फरक असता तर मी मान डोलावली असती. तंतोतंत म्हणजे नक्की पाणी मुरतंय." दुसऱ्या बाजूला शेजारच्या अमेरिकन आजीबाई. ह्या बार्करसाहेबांच्या काळापासूनच्या भक्त. ज्यांनी बालगंधर्व ऐकले त्यांना पुढचं कुणाचंच गाणं पटत नसे, तसं ह्यांचं. त्यांचा राग जिंकणाऱ्यावर नव्हताच. कॅरींवर होता. बार्कर असते तर त्यांनी त्या क्षणाचं सोनं केलं असतं, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि शेवटी बार्करसाहेब रोज कार्यक्रम संपवताना पाळीव कुत्र्यामांजरांची नसबंदी करून घ्या म्हणून कसं कळकळीनं सांगायचे, हेही सांगितलं. त्याचा इथं संबंध नव्हता, पण भक्तीत संबंध शोधायचा नसतो.

झालं होतं ते असं. जिंकणारा गृहस्थ मुळात टेलिव्हिजनवर हवामान सांगणारा. पुढं लास व्हेगासच्या कॅसिनोत टेहळणीचं काम केलेला. म्हणजे आयुष्यभर एकाच जागी टक लावून बसण्याची सवय. त्यानं आणि त्याच्या बायकोनं कित्येक महिने कार्यक्रम टिपून ठेवला, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की वस्तू त्याच त्याच येतात आणि किमतीही त्याच असतात. त्यांनी पाठांतर केलं. योगायोग असा, की चित्रणाच्या दिवशी प्रेक्षकांत आणखी एक वल्ली बसली होती. गणिताचे एक शिक्षक. हे वर्षानुवर्षं कार्यक्रमाला येत, किमती मुखोद्गत करत, आणि प्रेक्षकांतून ओरडून सांगत. प्रेक्षकांनी ओरडायला मुळीच बंदी नाही. तोच तर कार्यक्रमाचा प्राण आहे. स्वतः मात्र ते पूर्वी एकदाच खेळून गेले होते.

त्या दिवशी एकामागून एक स्पर्धक फारच बरोबर उत्तरं देऊ लागले. निर्मात्यांना घाम फुटला. त्यालाही कारण आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमांत आधीच उत्तरं सांगून ठेवल्याचं उघडकीला आलं होतं. त्यावरून १९६० साली कायदा झाला आणि असली लबाडी गुन्हा ठरली. तेव्हा निकाल सांगण्याआधी चित्रण थांबवलं गेलं. कॅरीसाहेबांची खात्री झाली, की हा भाग कधी दाखवलाच जाणार नाही. दाखवला जाणारच नाही अशा प्रयोगात कोण उड्या मारील? त्यांच्या त्या पडक्या चेहऱ्यामागं एवढं रामायण होतं. पुढं चौकशीत काही निघालं नाही, बक्षीसही मिळालं, भागही दाखवला गेला.

आकडा कुठून आला ह्यावर मात्र दोघांच्या दोन कथा. शिक्षक म्हणतात, मी सांगितला. जिंकणारा म्हणतो, तेवीस हजारांचा अंदाज माझा, आणि पुढचे ७४३ म्हणजे आमचा गुप्त क्रमांक : लग्नाची तारीख आणि बायकोचा जन्ममहिना मिळून झालेला. हे ऐकल्यावर सौ.नं माझ्याकडे जे पाहिलं त्याचं वर्णन इथं करण्याचं कारण नाही.

"भाऊ, ह्यात फसवणूक कुठं आली?" सौ. व्याह्यांना म्हणाली. "भाव पाठ असणं हा काय गुन्हा झाला?"

"विहीणबाई, अंदाज करणं वेगळं आणि पाठ करून येणं वेगळं."

"मग दहावीची परीक्षा काय असते?"

व्याही गप्प झाले. नातू दहावीपासून अजून पंधरा वर्षं दूर आहे, तरी त्याच्या आजोबांना हा प्रश्न झोंबला.

आणि माझ्या मते ह्या कार्यक्रमाची खरी परीक्षा इथंच होते. ह्याला इतकी वर्षं लोकांनी डोक्यावर का घेतलं? इतर कार्यक्रमांत राजधान्या विचारतात, राजांची नावं विचारतात; तिथं पंडितांचं काम. इथं विचारतात, साबणाचा भाव काय. म्हणजे जे ज्ञान कुठल्या विद्यापीठात शिकवत नाहीत, जे घर चालवणाऱ्या बाईला महिन्याच्या वीस तारखेनंतर आपोआप प्राप्त होतं, त्या ज्ञानाला इथं टाळ्या मिळतात, त्याच्यावर मोटार मिळते. ही फार मोठी गोष्ट आहे. आमच्या आईला डाळीपासून काडेपेटीपर्यंत चार दुकानांतले भाव तोंडपाठ होते आणि ह्या विद्वत्तेबद्दल तिला उभ्या आयुष्यात कुणी टाळी दिल्याचं मला आठवत नाही. 'कटकट करते' एवढाच तिचा गौरव.

पण त्या २००८ च्या दिवशी कार्यक्रमाचं बिंग फुटलं. किमती कुणीतरी जाणाव्या असं तोंडानं म्हणायचं, आणि खरोखरच जाणणारा समोर आला की तोंड पाडायचं, असा हा प्रकार. त्यांना जाणकार नकोच होता. त्यांना हवा होता तो जवळपास जाणारा, थोडा चुकणारा, घामाघूम होऊन बायकोकडे वळून बघणारा माणूस. ह्यात सगळाच दोष नाही. चुकण्यातच करमणूक असते. पण मग नाव 'किंमत बरोबर आहे' असं ठेवू नये. 'किंमत साधारण बरी आहे' असं ठेवावं.

दुसरी तक्रार अशी, की इथली 'खरी किंमत' म्हणजे दुकानदारानं लावलेली किंमत. ती शेवटची! तुळशीबागेत अशा किमतीला कुणी किंमत म्हणत नाही, नमस्कार म्हणतात. खरा खेळ त्याच्यापुढं. बाई दोन पावलं निघून गेल्यावर दुकानदार किती खाली येईल, हे ज्याला सांगता येईल त्याला मी दोन्ही शोकेस देईन. आणि आणखी एक गंमत : जिंकलेल्या वस्तूंवर तिथं आयकर भरावा लागतो, तोही ह्याच न उतरलेल्या किमतीवर. म्हणजे सतरा फुटी गाडी फुकट मिळाली असं समजून ती लावायची कुठं ह्या विवंचनेत माणूस घरी पोचावा, तो मागोमाग कर खात्याचा हिशेब. हे ऐकून व्याही बरेच दिवसांनी मनापासून हसले.

वाद असा निवळत आला होता. आजीबाईंनी कॅरींना निम्मी माफी दिली होती. जावईबापू यंत्र बंद करायला उठले, तेवढ्यात सौ. म्हणाली, "ती दुसरी कोण होती हो? शेजारी उभी होती ती?"

खरंच, दुसऱ्या ढिगासमोर एक बाई उभी होती. पुन्हा लावून पाहिलं. तिनं हजारो डॉलरच्या ढिगाची किंमत सांगितली होती आणि ती चुकली होती फक्त ४९४ डॉलरनं. तिनं काही पाठ करून आणल्याचं कुणी म्हटलेलं नाही. एरवी कुठल्याही दिवशी ती जिंकली असती, लोक उभे राहिले असते. त्या दिवशी नियमाप्रमाणे तिचा ढीगसुद्धा शेजारच्या गृहस्थांच्या घरी गेला. कॅमेरा तिच्यावर फार वेळ थांबतही नाही. इतकी वर्षं भक्तमंडळी भांडतायत ती शिक्षकांवरून, आकड्यावरून, कॅरींच्या तोंडावरून. हिच्या ४९४ चा हिशेब कुणाच्याच वहीत ठळक लिहिलेला नाही.

"एवढं बरोबर सांगूनसुद्धा!" आजीबाई आपल्या भाषेत म्हणाल्या, सौ. आपल्या भाषेत म्हणाली, आणि दोघींना दुभाष्याची गरज पडली नाही. मग सौ.नं जावईबापूंना सांगितलं, "ते मघाचं परत लाव जरा. ती टाळ्या वाजवतेय का त्याच्यासाठी, ते बघायचंय मला."