वळिवडे ते गांधीनगर : वस्तीचे चरित्र कसे लिहावे?

कोल्हापूरहून मिरजेकडे निघालेली गाडी शहर मागे टाकते न टाकते तोच वळिवडे हे लहानसे स्थानक लागते. शेजारीच गांधीनगरची घाऊक कापडबाजारपेठ आहे. लग्नसराईत तेथे खरेदीला जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते की, या भूमीवर एकेकाळी पोलिश भाषेत मिस्सा होत असे?

१९४० आणि १९४१ साली रशियाने पूर्व पोलंडमधून लक्षावधी लोकांना सायबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले. त्यांतून सुटलेल्या काही कुटुंबांना इराणमार्गे हिंदुस्थानात आणण्यात आले आणि १९४३ साली तत्कालीन कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत, वळिवडे येथे, त्यांच्यासाठी छावणी उभी राहिली. सुमारे ५,००० जीव, बहुतेक स्त्रिया व मुले, आणि बहुसंख्य कॅथॉलिक! बराकींच्या रांगांत त्यांनी शाळा, दवाखाना, नाट्यगृह, बालवीर पथके आणि मंदिर उभारले. १९४८ पर्यंत ही छावणी रिकामी झाली व फाळणीने बेघर झालेल्या सिंधी कुटुंबांना त्याच बराकींत आसरा मिळाला. तेच आजचे गांधीनगर.

या इतिहासावरील दोन इंग्रजी ग्रंथांचा येथे विचार करावासा वाटतो. पहिला, भारतात राहिलेल्या पोलिश मंडळींच्या संघाने लंडनहून काढलेला ‘पोल्स इन इंडिया’ हा कागदपत्रे व आठवणींचा संग्रह. त्याची मूळ पोलिश आवृत्ती २००० सालची आहे. दुसरा, अनुराधा भट्टाचार्जी यांचा ‘द सेकंड होमलँड’ (२०१२). पहिल्याचे बळ आपलेपणात आहे. ज्यांनी ते बालपण भोगले त्यांनीच ते सांगितले आहे. दुसऱ्याचे बळ अभ्यासात आहे. दप्तरे चाळून आणि साक्षी ऐकून लेखिकेने एक विसरलेला अध्याय उजेडात आणला. दोन्ही ग्रंथांचे ऋण आम्ही मानतो.

तरीही आमच्या मते एक उणीव राहते, आणि तिचा दोष या लेखकांपेक्षा आपल्याकडे अधिक येतो. निर्वासिताने आपल्या आठवणी लिहिल्या, तर त्यांत यजमान गाव पार्श्वभूमीलाच राहणार. परंतु यजमान गावाने स्वतः काय लिहिले? या परदेशी बायकांशी भाजीचा भाव कोणत्या भाषेत ठरला? पुढे सिंधी कुटुंबे आली तेव्हा गावाने त्यांना कसे सामावून घेतले? हे मराठीत लिहिणे आपले काम होते.

त्याऐवजी आपण स्तंभ उभारले. १९९८ साली कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभा राहिला, २०१९ साली वळिवड्यातही स्मारक झाले, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकाला पुष्पचक्र वाहिले. हे सारे उचितच आहे. पण स्तंभ ‘येथे असे झाले’ एवढेच सांगतो. माणसे एकमेकांशेजारी कशी जगली हे सांगायला गद्यच लागते.

हीच उणीव आम्हांला आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिकांत दिसते. धर्मगुरूंची यादी, मंदिराच्या कोनशिलेचे वर्ष, देणगीदारांची नावे, शुभेच्छा, छायाचित्रे. विहीर कोणाची होती, ग्रामपंचायतीत आपली माणसे कधी बोलली, शेजारच्या वाडीशी आपले नाते काय, याविषयी एक ओळ नसते. जणू आपली वस्ती गावात नसून गावावर तरंगत असते!

हा प्रश्न केवळ साहित्याचा नाही. कोल्हापूर महानगरपालिका १९७२ साली झाली. शहराच्या हद्दवाढीचा वाद त्यानंतर वर्षानुवर्षे चालला, आणि २०१७ साली भोवतालच्या ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण नेमले गेले. गांधीनगर, उचगाव, पाचगाव यांसारखी गावे नावाने ग्रामपंचायती असली तरी रूपाने उपनगरे झाली आहेत. अशा गावांविषयी घरपट्टी, पाणी आणि बांधकाम परवाने यांच्याच भाषेत बोलले जाते. ज्या वस्तीने आपले चरित्र लिहिलेले नसते, तिच्याविषयी निर्णय घेताना नकाशावरची रेघच शेवटी प्रमाण ठरते.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात परक्याला घरात घेण्याचा निकष प्रभूने घालून दिला आहे. वळिवड्याच्या मातीने तो पाच वर्षांच्या अंतरात दोनदा अनुभवला. पहिले पाहुणे आपल्या धर्माचे होते, दुसरे नव्हते. आपण पहिल्यांचीच कथा अभिमानाने सांगू लागलो, तर निकषाचा अर्थच आपल्याला कळला नाही असे होईल.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. पुढील स्मरणिका काढण्यापूर्वी शेजारच्या अन्यधर्मीय वृद्धाकडे एक संध्याकाळ बसावे, आपली वस्ती त्याला कशी आठवते ते विचारावे आणि ते जसेच्या तसे उतरवावे. कोनशिलेवर न मावलेला इतिहास तेथेच सापडेल.