विकास अभ्यास विद्याशाखा आणि जागतिक विषमता : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :

'विकास अभ्यास' ही विद्यापीठीय ज्ञानशाखा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात आकारास आली. २० जानेवारी १९४९ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी अविकसित प्रदेशांना तांत्रिक साहाय्य देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. पुढे १९५२ मध्ये हेग येथे सामाजिक अभ्यास संस्था आणि १९६६ मध्ये इंग्लंडमधील ससेक्स येथे विकास अभ्यास संस्था स्थापन झाली. नवस्वतंत्र देशांतील अनेक विद्यार्थी व प्रशासक अशा संस्थांत शिकले. जगातील दारिद्र्याचा शिस्तबद्ध अभ्यास या शाखेने रुजविला, हे तिचे श्रेय नि:संशय आहे. तथापि दारिद्र्याचा अभ्यास म्हणजे विषमतेचा अभ्यास नव्हे. या दोहोंतील अंतर अभ्यासक्रमात कितपत राखले जाते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शिडी आणि संबंध :

डब्ल्यू. डब्ल्यू. रोस्टो यांनी १९६० मधील ग्रंथात आर्थिक वाढीच्या पाच अवस्था मांडल्या. या मांडणीत सर्व राष्ट्रे एकाच शिडीवर उभी आहेत. काही वर पोहोचली, काही मागे राहिली. येथे मागासलेपण म्हणजे केवळ उशीर ठरतो. याच्या विरोधात राउल प्रेबिश यांनी कच्चा माल निर्यात करणाऱ्या देशांच्या व्यापारशर्ती दीर्घकाळात प्रतिकूल होत जातात, असे प्रतिपादन केले. आंद्रे गुंडर फ्रँक यांच्या मते तर काही देशांचा विकास आणि इतरांचा अल्पविकास या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू होत.

अभ्यासक्रमात ही चर्चा बहुधा विसाव्या शतकाच्या मध्यापासून सुरू होते. वस्तुत: मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन केलेल्या दादाभाई नौरोजी यांनी संपत्तीच्या नि:सारणाचा सिद्धांत १८६७ पासून मांडावयास प्रारंभ केला होता. १९०१ मध्ये त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. भारताचे दारिद्र्य आणि इंग्लंडची समृद्धी यांचा परस्परसंबंध त्यांनी आकडेवारीनिशी दाखविला. तरीही नौरोजींना जागतिक विषमतेचे सिद्धांतकार न मानता केवळ राष्ट्रीय चळवळीचे नेते म्हणून वाचले जाते. सिद्धांत पाश्चात्त्यांचा आणि उदाहरणे मात्र आपली, अशी ही ज्ञानव्यवहारातील विषमता होय.

मापनाची मर्यादा :

नौरोजींनी दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये ठरवून त्याची तुलना तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी केली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दैनिक २२५० उष्मांकांच्या आधारे दारिद्र्याचे मापन केले. जागतिक बँकेने १९९० मध्ये दररोज एक डॉलर ही रेषा प्रचलित केली. २०२५ मध्ये ती तीन डॉलरवर आणण्यात आली. रेषेखाली किती माणसे आहेत, हे यातून समजते. वर कोण आहेत आणि खालच्यांशी त्यांचा संबंध कोणता, हे समजत नाही. नौरोजींच्या लेखनात मापन हे कारणांच्या शोधाचे साधन होते. पाठ्यपुस्तकांत मापन हेच साध्य होऊ लागले, तर विद्यार्थी गरिबांची गणना शिकेल. गरिबीची कारणे विचारण्यास शिकणार नाही.

नि:सारण सिद्धांताची उणीव :

मात्र नौरोजींना अभ्यासक्रमात स्थान दिल्याने प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. नि:सारण सिद्धांतात राष्ट्र हे एकसंध मानलेले आहे. महात्मा फुले यांनी १८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात परकीय सरकारचा करभार आणि एतद्देशीय उच्चवर्णीय अधिकारीवर्ग, या दोहोंकडून होणारी शेतकऱ्याची नाडणूक उघड केली. 'आपण' आणि 'ते' अशा विभागणीत 'आपण' कोण, हा फुल्यांचा प्रश्न जागतिक विषमतेच्या चर्चेत आजही अनुत्तरित राहतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे विद्यार्थिजीवन या दृष्टीने उद्बोधक आहे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचे प्रशासन व अर्थव्यवहार या विषयावर प्रबंधिका लिहिली, तर १९१६ मध्ये भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. साम्राज्याची तिजोरी आणि समाजातील उतरंड हे दोन्ही विषय एकाच विद्यार्थ्याने, एकाच विद्यापीठात, एका वर्षाच्या अंतराने हाताळले. विद्यापीठ परदेशी होते. प्रश्न मात्र उसने नव्हते.

समारोप :

विकास अभ्यास ही शाखा त्याज्य नाही. तिची मांडणी अपुरी आहे. राष्ट्राराष्ट्रांतील आणि राष्ट्रांतर्गत विषमता स्वतंत्र घटकांत विभागून न शिकविता परस्परसंबंधाने शिकविणे आवश्यक आहे. त्यासाठी रोस्टो व प्रेबिश यांच्यासोबत नौरोजी, फुले व आंबेडकर यांचे वाचन सिद्धांत म्हणून झाले पाहिजे, केवळ परिशिष्ट म्हणून नव्हे. ज्या समाजातून विद्यार्थी येतो, त्या समाजाला केवळ आकडेवारीचा पुरवठादार मानणारी विद्याशाखा विषमतेचे वर्णन करील. तिची चिकित्सा तिच्याकडून होणार नाही.