‘सत्याग्रह’ : न कळणाऱ्या शब्दाचे सामर्थ्य आणि मर्यादा

अमेरिकन संगीतरचनाकार फिलिप ग्लास (जन्म १९३७) यांच्या जडणघडणीत पॅरिसमधील दोन गुरूंचा उल्लेख अटळ ठरतो : नादिया बुलांजे आणि पंडित रविशंकर. ‘चापाक्वा’ या चित्रपटासाठी रविशंकरांचे संगीत पाश्चात्य स्वरलिपीत उतरवताना ग्लास यांनी मात्रागट तोडणाऱ्या उभ्या रेषा काढून टाकल्या. त्यातून लहान लयखंडांच्या बेरजेने रचना उभारण्याचे तत्त्व त्यांच्या हाती आले. ‘१ + १’ (१९६८) या रचनेत ते तत्त्व आहे. मात्र ठराविक आवर्तन आणि समेची ओढ नाही. प्रभाव येथे अनुकरणातून नव्हे, निवडक ग्रहणातून फलद्रूप होतो.

१९८० साली रोटरडॅम येथे प्रथम सादर झालेल्या ‘सत्याग्रह’ या ऑपेरात हेच निवडक ग्रहण शब्दाच्या पातळीवर घडते. विषय गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील लढ्याचा. परंतु कॉन्स्टन्स डीजाँग यांनी सिद्ध केलेली संहिता भगवद्‌गीतेतील संस्कृत वचनांची आहे. पात्रे गातात ते परस्परांशी संभाषण नसते. श्रोत्याला ही भाषा अवगत नसावी, हे या योजनेमागील गृहीत होय. अर्थ दूर सारला की शब्द नादरूप होतो आणि अवधान स्वर व दृश्य यांवर स्थिरावते.

भारतीय श्रोत्याच्या बाबतीत मात्र हे गृहीत डळमळते. विशेषतः ज्या मराठी परंपरेत ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ सर्वांसाठी खुला केला, त्या परंपरेतील श्रोत्याला तोच अर्थ पुन्हा झाकला गेल्याचे जाणवणे स्वाभाविक आहे. एका संस्कृतीचा विचारग्रंथ दुसरीच्या रंगमंचावर केवळ ध्वनिद्रव्य होत असेल, तर या कृतीच्या वैश्विकतेलाही श्रोत्याच्या अज्ञानाची सीमा पडते.

तथापि, अखेरचे गीत या आक्षेपाला उत्तर देते. गांधीजींची भूमिका करणारा गायक एकच आरोही स्वरपंक्ती तीस वेळा गातो. पार्श्वभूमीवर मार्टिन ल्यूथर किंग यांची आकृती असते. ही फ्रिजियन स्वरपंक्ती भैरवी थाटाशी जुळते; परंतु राग म्हणून तिचा विस्तार होत नाही. वचने चौथ्या अध्यायातील, युगायुगांत पुन्हा प्रकटण्यासंबंधीची आहेत. ती न जाणणाऱ्यालाही पुनरावृत्ती त्यांचा आशय सांगते. जाणणाऱ्याला आशय आणि आकृतिबंध यांचे अद्वैत प्रत्ययाला येते. शब्दापासून हिरावलेला अर्थ संगीताने परत केला, हेच या कृतीचे खरे श्रेय होय; आणि तो इतरत्र तितक्या पूर्णतेने परत येत नाही, ही तिची मर्यादा.