मारिओची उडी आणि लिंकची तलवार

शिक्षकांच्या खोलीत व्हिडिओ गेमचा विषय निघाला की तो बहुधा दोन वाक्यांत संपतो. मुले वेळ घालवतात, आणि डोळे बिघडवून घेतात. मी अधूनमधून खेळणाऱ्यांपैकी आहे. सुट्टीत, भाच्याच्या शेजारी बसून, हरत हरत. त्यामुळे या खेळांविषयी जाणकाराच्या थाटात बोलण्याचा मला अधिकार नाही. पण एखादी गोष्ट कशी शिकवली आहे हे पाहण्याची खोड शिक्षकाला असतेच. त्या नजरेने पाहिलेल्या दोन खेळांविषयी हे लिहीत आहे.

पहिला खेळ जुना, ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. टीव्हीला जोडून खेळायचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ मध्ये बाजारात आणले आणि १९८५ मध्ये त्यावर मारिओ आला. नव्वदच्या दशकात या यंत्राच्या नकला आपल्याकडे गावोगावच्या दुकानांत मिळत. सोबतच्या कॅसेटमध्ये मारिओ हमखास असे. (तिच्यात फीत नसे, चिप असे, पण नाव कॅसेटच.) मूळ खेळाचा प्रोग्राम आणि सारी चित्रे मिळून अवघी ४० किलोबाइट. मोबाइलवर काढलेल्या साध्या फोटोलाही आज याच्या कितीतरी पट जागा लागते. ही काटकसर कशी साधली याची एक खूण पडद्यावरच दिसते. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांची आकृती एकच आहे, फक्त रंग वेगळा. इतकी वर्षे हे माझ्या ध्यानात आले नव्हते. भाच्याने दाखवले.

खेळाच्या सुरुवातीला कसे खेळायचे याची एकही सूचना नाही. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडची जागा मोकळी असते. कुठे जायचे ते सांगावे लागत नाही. चार पावले पुढे प्रश्नचिन्हाची चौकट हवेत लुकलुकत असते आणि समोरून रागीट भुवयांचा एक गुम्बा चालत येतो. नवखा माणूस त्याला धडकतो आणि मरतो. नुकसान काय, तर काही सेकंदांचे. दुसऱ्या खेपेला तो उडी मारतो. डोके चौकटीला लागते आणि नाणे निघते. पुढच्या एका चौकटीतून नाण्याऐवजी अळंबी बाहेर येते, उजवीकडे सरकत खाली पडते, पाइपला आपटते आणि उलटी फिरून आपल्याच अंगावर येते. गुम्ब्याचा अनुभव ताजा असल्याने आपण तिला चुकवू पाहतो. पण वरच्या विटांना डोके आपटून बरेचदा नेमके तिच्यावरच पडतो. आणि मारिओ एकदम मोठा होतो! अळंबी चांगली, हे कोणीही न सांगता कळले.

याहून मला भावला तो थोडा पुढचा भाग. विटांचे दोन जिने समोरासमोर आहेत. एकावरून दुसऱ्यावर उडी मारायची, पण मध्ये खाली जमीन आहे; चुकलात तर काही बिघडत नाही. लगेच पुढे तशीच दुसरी जोडी, आणि या वेळी मध्ये खड्डा. (खड्डे याआधीही येऊन गेलेले असतात, पण जिन्यावरून मारायची उडी नवी असते.) शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका या रचनाकारांनी इथे जे केले आहे, त्याला आपण पाठाची आखणी म्हणतो. आपल्या उदाहरणसंग्रहांत पहिल्याच उदाहरणाखाली खड्डा असतो, आणि पडलेल्या मुलाला पुन्हा उडी मारायला मिळेलच असे नाही.

मात्र हाच खेळ चौथ्या जगाच्या किल्ल्यात पोचला की त्यातला शिक्षक जणू रजेवर जातो. तिथे वरचा आणि खालचा असे रस्ते आहेत. चुकीचा निवडला की तोच बोळ पुन्हा पुढे येतो. कोणता बरोबर याची खूण कुठेही नाही. वेळ संपेपर्यंत आपण गोल फिरत राहतो. भाच्याने वहीत ‘वर, खाली’ असा तक्ता मांडला, एका वेळी एकच निवड बदलत गेला आणि बाहेर पडला. पद्धत शास्त्रीय होती, याचे मला कौतुक वाटले. पण हाती काय आले? सातव्या जगात पुन्हा तसाच किल्ला आहे आणि तिथले उत्तर वेगळे. पहिल्या किल्ल्याच्या उत्तरातून दुसऱ्याचे काहीच काढता येत नाही. ही निव्वळ घोकंपट्टी झाली.

खेळातले शिकणे खेळाबाहेर किती जाते, हा प्रश्न संशोधकांनाही पडला आहे. व्हॅलेरी सिम्स आणि रिचर्ड मेयर यांनी २००२ मध्ये टेट्रिस खेळण्यात तरबेज असलेल्यांची परीक्षा घेतली. टेट्रिसमधल्यासारखे तुकडे मनातल्या मनात फिरवण्यात ते इतरांहून सरस ठरले. आकृत्या आणि अवकाश यांच्याशी संबंधित इतर चाचण्यांत मात्र त्यांची सरशी दिसली नाही. याउलट, मारधाडीचे वेगवान खेळ खेळणाऱ्यांचे दृश्य अवधान अधिक चांगले असते, असे शॉन ग्रीन आणि डॅफ्नी बॅव्हेलियर यांना २००३ मध्ये आढळले होते. तेव्हा ‘गेमने मेंदू तल्लख होतो’ हे विधान जाहिरातीत शोभते. वर्गात ते करताना कोणता खेळ आणि कोणते कौशल्य, हे विचारायला हवे.

मारिओचे भौतिकशास्त्र तर उघडउघड खोटे आहे. छोटा मारिओ जागच्या जागी स्वतःच्या उंचीच्या चौपट उडी मारतो आणि हवेत असताना दिशाही बदलतो. मोबाइलने पडद्याचे चित्रण करून एकेक चित्र मोजले, तर आणखी एक गंमत दिसते. बटण दाबून धरले असता त्याला चढायला जितका वेळ लागतो, त्याच्या जवळजवळ दोन तृतीयांश वेळातच तो उतरतो. कारण चढताना त्याच्यावरचे गुरुत्वाकर्षण कमी ठेवले आहे आणि उतरताना ते साडेतीन पट केले आहे. उडी हाताला हुकमी वाटावी म्हणून हा खटाटोप. खरा चेंडू वर फेकला तर, हवेचा विरोध सोडल्यास, दोन्ही वेळा सारख्या येतात. नववीच्या वर्गात दोन्हींचे आलेख शेजारी शेजारी काढून पाहावेत. तास मजेत जाईल. या खोटेपणाची मला काळजी वाटत नाही. माणूस अशी उडी मारत नाही हे मुलांना पक्के ठाऊक असते.

काळजी वाटली ती दुसऱ्या खेळात, आणि तो मला मारिओपेक्षाही आवडला आहे. २०१७ मध्ये आलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये निसर्गाचे नियम साऱ्या प्रदेशाला सारखेच लागू आहेत. गवत पेटवले की ऊन हवा वर जाते, आणि त्या झोतावर छत्रीसारखे कापड उघडून नायक लिंक वर तरंगतो. पावसात कडे निसरडे होतात. इथे पाठ केलेले उत्तर नव्हे, तर नियमच कामी येतो. चौथ्या जगाच्या किल्ल्यात नेमके हेच नव्हते.

वादळात लिंकच्या पाठीवर धातूची तलवार असेल, तर ती ठिणग्या टाकू लागते आणि पाहता पाहता वीज तिच्यावर कोसळते. धातूचे सारे उतरवून लाकडी हत्यार घेतले की तो निर्धास्त. भाच्याने हे चटकन केले. मी विचारले, “आणि खरोखरच वीज कडाडायला लागली तर काय करशील?”

“लोखंडाचं काही जवळ ठेवणार नाही. झाडाखाली जाईन.”

मराठवाड्यात, विदर्भात पावसाळ्याच्या तोंडाशी आणि परतीच्या पावसात दरवर्षी शेतात माणसे दगावतात, आणि त्यांतली कित्येक झाडाच्या आसऱ्याला गेलेली असतात. वीज कुठे पडणार हे मुख्यतः उंचीवर आणि एकटेपणावर ठरते. अंगावरच्या लहानशा धातूने त्यात फारसा फरक पडत नाही. झाडावर पडलेली वीज बुंध्याजवळच्या माणसाकडे उडी घेते किंवा जमिनीतून त्याच्या पायांत शिरते. उलट बंद मोटारीत माणूस वाचतो तो धातूच्या कवचामुळेच, कारण वीज बाहेरून जमिनीत निघून जाते. हे मी त्याला सांगितले. पक्के घर किंवा बंद गाडी गाठायची, तोवर झाडापासून आणि उंचवट्यापासून दूर राहायचे, हेही सांगितले.

त्याने ऐकून घेतले. मग लिंकला टेकडीवरून सखल जागी उतरवले, झाडांपासून दूर नेले आणि मुद्दाम लोखंडी तलवार पुन्हा पाठीवर चढवली. ठिणग्या उडाल्या, वीज पडली आणि लिंक कोसळला.

“बघ मामा,” तो म्हणाला, “इथं तुझं विज्ञान चालत नाही.”