‘तो’ आणि ‘ते’

नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या काशीच्या भोसले घाटावर बसून समीरा अहमद यांची ‘इंटर्नमेंट’ (२०१९) ही किशोरांसाठी लिहिलेली कादंबरी दुसऱ्यांदा वाचली. लेखिकेचा जन्म मुंबईतला, वाढ अमेरिकेतली. नजीकच्या भविष्यात अमेरिकी सरकार मुस्लिम नागरिकांना छावणीत डांबते. सतरा वर्षांची लैला आईवडिलांसह तिथे पोचते आणि प्रतिकार उभा करते. छावणी कॅलिफोर्नियातल्या मान्झनारजवळ आहे. याच मान्झनारला १९४२ पासून जपानी वंशाच्या हजारो अमेरिकनांना कोंडून ठेवले होते.

लैला आपली कथा प्रथमपुरुषी वर्तमानकाळात सांगते. मराठीत ‘मी ऐकते’ म्हटले की ती सवय वाटते. ‘मी ऐकतेय’ म्हटले की श्वास अडकतो. पुढच्या क्षणी काय होईल हे तिलाही ठाऊक नाही, म्हणून तिची भीती आपल्याला लागते.

इथेच काशी आठवते. १९२१ मध्ये असहकार चळवळीत पंधरा वर्षांच्या चंद्रशेखरला याच शहरात अटक झाली, फटक्यांची शिक्षा झाली. खेडचा शिवराम राजगुरू पोरवयात संस्कृत शिकायला इथेच आला होता. आपली मुलांसाठीची चरित्रे मात्र सांगतात : ‘आझाद निर्भयपणे उभे राहिले.’ त्या जागी ‘चंद्रशेखर उभा राहिला’ असे लिहून पाहा. लगेच प्रश्न पडतो, त्याचे पाय थरथरले असतील का? आदरार्थी बहुवचनाने त्याचे वयच काढून घेतले. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकातून मूलच गायब झाले. मग वाचणाऱ्या मुलाला वाटते, धैर्य ही थोरांना जन्मजात मिळणारी वस्तू आहे, आपल्या वाट्याची नाही.

कादंबरीतही उणीव आहेच. छावणीचा प्रमुख इतका एकरंगी दुष्ट आहे की तो गेला म्हणजे प्रश्न मिटला असे वाटावे. चंद्रशेखरला शिक्षा एकट्या खलनायकाने दिली नव्हती. न्यायालय होते, लेखी हुकूम होता, आणि नेमून दिलेले काम म्हणून फटके मारणारा हातही होता. जुलूम असा कचेरीच्या वेळेत, नोकरदारांकडून चालतो. लेखिकेला हे उमगलेले नाही असे नाही : जनगणनेत धर्माबद्दल दिलेले खरे उत्तरच या कुटुंबाला छावणीत नेते, आणि मुलीला वाचवायचे म्हणून आईवडील गप्प राहतात. हीच पाने कादंबरीतली सर्वांत अस्सल. पुढे खलनायक आला, की ती थोडी सोपी होते.

तरीही ही कादंबरी मराठीत यावी. ती आली तर आपल्या चरित्रकारांना एक छोटी गोष्ट सुचेल : नायक सज्ञान होईपर्यंत तरी त्याला ‘तो’ म्हणावे. आदर दाखवायला पुढची प्रकरणे आहेतच.