पडण्याला लागणारा वेळ

दहीहंडीच्या दिवशी अलीकडे मी घराबाहेर पडत नाही. सकाळपासून स्नॅपचॅटचा नकाशा उघडून बसतो. २०१७ साली सुरू झालेल्या या नकाशावर ज्या भागातून जास्त चित्रफिती येतात, तो भाग निळ्याकडून लाल रंगाकडे सरकत जातो. दुपारपर्यंत दादर, लालबाग, ठाणे लालबुंद झालेले असते. तिथे बोट टेकवले की कुणा अनोळखी माणसाने नुकतेच टिपलेले दृश्य सुरू होते. सोबत जागेचे नाव आणि चित्रफीत किती वेळापूर्वी टाकली ते लिहिलेले असते. यातल्या संथगती चित्रफिती मी शोधून पाहतो आणि वहीत टिपणे काढतो. माझ्या परिचयातल्या अभ्यासकांना हा रिकामटेकडा उद्योग वाटतो. पण आपल्या सणांचे सर्वाधिक पाहिले जाणारे चित्रण आता या मंडळींच्या हातून होते आहे, आणि त्याची समीक्षा करायला कुणी बसलेले नाही.

आधी थोडे गणित. २०१४ च्या आयफोनपासून सेकंदाला २४० चित्रे टिपण्याची सोय सर्वसामान्यांच्या खिशात आली. ती सेकंदाला ३० या वेगाने दाखवली की घटना आठपट लांबते. आता पडण्याचे पाहू. २०१४ सालीच मुंबई उच्च न्यायालयाने थरांच्या उंचीवर २० फुटांची मर्यादा घातली होती. २०१७ मध्ये ती उठली. उदाहरणापुरती तीच उंची धरली, तर २० फुटांवरून निसटलेला गोविंदा साधारण १.१ सेकंदात जमिनीवर येतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास असतो. संथगतीत हेच पडणे नऊ सेकंद चालते आणि पडद्यावरचा वेग ताशी पाच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याएवढा दिसतो. डोळ्याला वाटते, मुलगा खाली उतरतो आहे.

नकाशा जागा सांगतो, वेळ सांगतो, वेग मात्र सांगत नाही. काही चित्रफिती फोनच्या कॅमेऱ्यातून येतात, काही ॲपमधल्या गोगलगायीच्या चिन्हाने मंदावलेल्या असतात, आणि प्रत्येकीचे प्रमाण वेगळे. ते काढायला मी गोविंदांवर उडवलेल्या पाण्याचा आधार घेतो. एका मजल्यावरून, म्हणजे दहाएक फुटांवरून, गळणारा थेंब प्रत्यक्षात पाऊण सेकंदाहून किंचित जास्त वेळ घेतो. चित्रफितीत त्याला सहा सेकंद लागले तर वेग आठपट मंदावला आहे असे समजावे. आवाजावरूनही ताडता येते. आठपट संथ केलेला आवाज तीन सप्तके खाली घसरतो. ताशा ओळखू येत नाही आणि पोरांची आरोळी जनावराच्या घुरघुरीसारखी होते. म्हणूनच बहुतेक जण मूळ आवाज काढून वर गाणे चढवतात. आवाज गेला की पडण्यातली भीतीही जाते.

पण खरी मेख संथगतीत नाही, कापण्यात आहे. फोनवर अशी चित्रफीत उघडली की खालच्या पट्टीवर दोन खुणा दिसतात. त्या सरकवून कुठून कुठपर्यंत संथ दाखवायचे ते ठरवता येते. आधीचे आणि नंतरचे नेहमीच्या वेगाने चालते. ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे पाहणाऱ्याकडे वेगाचे माप राहते. अकिरा कुरोसावाने १९५४ च्या ‘सेव्हन सामुराय’मध्ये नेमके हेच केले होते. झोपडीतून बाहेर आलेला चोर संथगतीत कोसळतो आणि मधूनमधून त्याच्याकडे पाहणारे गावकरी नेहमीच्या वेगात दिसतात. शिवाय कुरोसावा त्याला जमिनीपर्यंत नेतो. नकाशावरच्या चित्रफितींत दुसऱ्या खुणेपुढचा भाग सहसा उरलेलाच नसतो. हंडी फुटते, दही हवेत पसरते, शरीरे सुटी होऊ लागतात, आणि दृश्य संपते. ‘सैराट’च्या पूर्वार्धाने आपल्या प्रेक्षकाला संथगतीची गोडी लावली, पण तो चित्रपट तिथे थांबला नव्हता, हे कापणाऱ्यांच्या ध्यानात राहिलेले नाही.

मी हे तटस्थपणे लिहू शकत नाही. माझा भाचा ठाण्यातल्या एका पथकात दुसऱ्या थराला असतो. एका वर्षी थर कोसळला आणि त्याचा खांदा निखळला. त्या संध्याकाळी नकाशावर मला तोच प्रसंग सापडला. टाकणारा कुणी परका होता. भाच्याचा वाकडा झालेला चेहरा चार सेकंद दिसतो, मग त्याच्या पाठीवरून वरची मुले फुलासारखी उमलतात, आणि समाप्त. त्याची परवानगी कुणी विचारली नव्हती. बघणाऱ्यांत मीही होतोच. मी रागाने त्याला दाखवली, तर तो म्हणाला, “मामा, भारी आलीय रे!” काही महिन्यांनी मी त्याला पडतानाचे काय आठवते ते विचारले. तो जे सांगत होता ते चित्रफितीतले होते, उमलणाऱ्या मुलांसकट. ती तर त्याच्या पाठीमागे होती; त्याला दिसणे शक्यच नव्हते.

तरीही संथगतीवर सरसकट फुली मारणे मला पटत नाही. ऑस्ट्रियात ग्राझ येथे शिकवणाऱ्या आउगुस्ट मुसगर नावाच्या धर्मगुरूने १९०४ साली या तंत्राचे पेटंट घेतले. जर्मन भाषेत संथगतीला ‘त्साइटलूपे’, म्हणजे काळाचे भिंग, म्हणतात. भिंग म्हणून वापरले की तेच दृश्य बोलू लागते. भाच्याच्या मित्राच्या फोनवर मूळ, न कापलेली चित्रफीत होती. ती आम्ही तिघांनी चौकट-चौकट पाहिली. मला वाटत होते वरचा एक्का डगमगला असेल. तो स्थिर होता. आधी वाकला तो भाच्याच्या शेजारच्या मुलाचा गुडघा, आणि खालच्या गर्दीतले हात वर येऊ लागले ते त्यानंतर.

मग मित्राने दोन्ही खुणा एकत्र आणून संथगती काढून टाकली आणि आवाज पूर्ण केला. पडणे सेकंदभरात संपले. पाठोपाठ जमिनीचा आवाज आला. भाचा एकदम मागे सरकला, दुसऱ्या हाताने खांदा धरला आणि थोड्या वेळाने म्हणाला, “परत लाव.”