नाव कोण ठेवणार?

निडीहून पेणला गेलात तर गणपतीचा कारखाना जरूर पाहा. साच्यातून मूर्ती काढणारे हात वेगळे, डोळ्यांची आखणी करणारा हात वेगळा. आखणी वेगळी काढली, कारण त्या कामाला स्वतःचा अर्थ आहे.

प्रोग्राममध्ये याला ‘एक्स्ट्रॅक्ट मेथड’ म्हणतात. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या ‘रिफॅक्टरिंग’ या ग्रंथात ती पद्धत मांडली आहे. आता ते अवजार करतं. ओळी निवडा, बटण दाबा. आत लागणारी मूल्यं ते नव्या मेथडला पुरवतं; आत बदललेलं, पुढे लागणारं मूल्य परत आणतं. हे हाताने करताना माणूस चुकतो, तेव्हा माझी तक्रार इथे नाही.

तक्रार पुढे आहे. ‘व्हिज्युअल स्टुडिओ’ त्या तुकड्याला आपणहून नाव देतं ‘न्यूमेथड’. बारशाला ‘नवं बाळ’ असं नाव ठेवावं, तसंच हे! अवजार वर्तन जपतं. अर्थाची जबाबदारी आपलीच.

म्हणून नैयायिकांची कसोटी लावा. नाव आतल्या कामाला तोकडं पडलं तर अव्याप्ती, ढगळ झालं तर अतिव्याप्ती. आणि नेमकं नाव सुचतच नसेल, तर बहुधा कापायची जागाच चुकली. तिथे खुशाल मागे फिरा.